नोस्फेरातू (१९२२) : शंभरी उलटली तरी अंगावर येतो, तो का? आणि कोणत्या प्रतीत?

सांजवात:
जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा रक्तपिशाचावरचा मूकपट 'नोस्फेरातू' वाचनालयाच्या सभागृहात दाखवायचं घाटतं आहे. साठेक प्रेक्षक, प्रोजेक्टर साधाच, आवाजाची सोय बरी. त्यावरून दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, पोरं हसतील. माणसं तुरुतुरु पळतात, रक्तपिशाच सरदार ओरलॉक भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून रस्त्याने चालतो, यात भ्यायचं काय? दुसरा तट म्हणतो, दोष आपण बघतो त्या प्रतीचा आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. वेग, रंग, संगीत, पडद्यावर खाली द्यायच्या मराठी ओळी, सगळंच. शिवाय मूळ प्रश्न आहेच: यात आज बघण्यासारखं नेमकं काय उरलं आहे?

रिळवाला:
दुसऱ्या तटाला माझं मत. आधी वेगाचं बघू, कारण तो आकड्यांत सिद्ध होतो.

चित्रपटाची मूळ लांबी १९६७ मीटर. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (एकेक स्थिर चित्र) बसतात, म्हणजे मीटरला साधारण साडेबावन्न. एकूण झाल्या १ लाख ३ हजारांच्या आसपास. सेकंदाला १८ चौकटींनी चालवलं तर चित्रपट ९५-९६ मिनिटं चालतो. त्याच चौकटी बोलपटाच्या २४ च्या वेगाने सोडल्या की ७२ मिनिटांत संपतात. ओरलॉकच्या किल्ल्यावर जाणारा नायक हुटर घाईत चालत नसतो, यंत्र त्याला तेहतीस टक्के जास्त वेगाने पळवत असतं.

यात गंमत अशी की मुर्नाऊने काही ठिकाणी वेग मुद्दाम वाढवला आहे. ओरलॉकची बग्गी जंगलातून तुटक, झटके खात येते, ती कॅमेऱ्याचं हँडल सावकाश फिरवून घेतलेली आहे (चौकटी कमी पडतात, म्हणून पडद्यावर सगळं भराभर होतं). पेट्या गाडीवर चढवताना तो भराभर हालतो तेही तसंच. आजूबाजूची माणसं माणसांच्या चालीने चालली तरच हे अमानवी वाटतं. सगळेच पळत असतील तर भूत कोण आणि माणूस कोण हे कळणार कसं?

प्रत तपासायची कृती:
घड्याळ लावा. ९० ते ९६ मिनिटं असेल तर ठीक. ७२ च्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर एक तर वेग चुकला आहे किंवा काटछाट झाली आहे, बहुधा दोन्ही.
मग प्लेअरमध्ये एकेक चौकट पुढे सरकवा. दर चौथी चौकट आधीच्या चौकटीची हुबेहूब नक्कल असेल तर १८ चं २४ करताना दुरुस्ती आधीच झालेली आहे. अशी प्रत पुन्हा संथ करू नका, चिकट होते.
नक्कल कुठेच नसेल आणि चाल तुरुतुरु असेल तर प्लेअरचा वेग ०.७५ करा. १८ भागिले २४ म्हणजे तेवढंच. मात्र सोबतचं संगीत बंद करावं लागेल, ते बेसूर लांबतं.

कंदिलाची_काच:
वेगाबद्दल सहमत. आता उन्हातल्या शवपेटीबद्दल.

ते ऊन नाही, ती रात्र आहे. १९२१ साली फिल्म इतकी मंद होती की रस्त्यावरची खरी रात्र टिपणं जवळपास अशक्य. त्यामुळे बाहेरचे रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी घेत आणि नंतर प्रतीचा तो तुकडा निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून काढत. निळं दिसलं की रात्र, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. पिवळसर म्हणजे दिवस किंवा दिव्याच्या उजेडातली खोली, गुलाबी म्हणजे पहाट. पुढे या प्रतींवरून काळ्या-पांढऱ्या फिल्मवर नकला निघाल्या, तेव्हा रंग गळाले आणि रात्रीचा दिवस झाला. (अक्षरशः.)

शेवटच्या प्रसंगात याचा सगळ्यात मोठा तोटा होतो. ओरलॉक हुटरच्या बायकोच्या, एलेनच्या, उशाशी रात्रभर थांबतो, कोंबडा आरवतो, खिडकीतून सूर्य येतो आणि तो विरून जातो. हा सगळा ताण निळ्यातून गुलाबीत जाण्यावर उभा आहे. बिनरंगी प्रतीत नुसता एक माणूस छातीवर हात ठेवून नाहीसा होतो.

हा रंग देण्याचा उद्योगही बघण्यासारखा होता. रंग अख्ख्या फिल्मला बसायचा, म्हणून एका रंगाचे सगळे तुकडे एकत्र छापून, रंगवून, वाळवून, मग कथेच्या क्रमाने हाताने जोडायचे. प्रत्येक प्रत म्हणजे नवी जोडणी. त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही.

अजून एक. त्या वेळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी आणि निळ्याला अतिसंवेदनशील होती. निळं आकाश पांढरं फटक येतं, लाल ओठ काळे पडतात. ओरलॉकचे खोल काळे डोळे आणि खडूसारखं कपाळ, यात रंगभूषेचा जेवढा वाटा आहे तेवढाच फिल्मच्या रसायनाचा.

ठोकळा:
वेग झाला, रंग झाला. पण ओरलॉक? लांब कान, उंदराचे दात, हातभर नखं. स्पष्टच सांगायचं तर जत्रेतला मुखवटा आहे. वीस वर्षांच्या पोराला याची भीती वाटेल हे मला पटत नाही.

मुक्काम_पोस्ट_अंधार:
मुखवट्याची भीती वाटत नाही हे खरं, आणि मुर्नाऊही मुखवट्यावर विसंबलेला नाही. दीड तासाच्या चित्रपटात ओरलॉक पडद्यावर जेमतेम नऊ मिनिटं आहे. उरलेला वेळ तो येतो आहे, एवढंच आपल्याला ठाऊक असतं.

त्याचं येणं बघा. मध्यरात्री हुटर दार किलकिलं करतो. लांब, दालनाच्या दुसऱ्या टोकाला ओरलॉक उभा. चालत नाही, हात उगारत नाही. चित्र विरघळतं आणि तो त्याच पवित्र्यात एकदम जवळ. हुटर दार लोटतो, दाराला कडी नाही. मग दार आपोआप उघडतं आणि टोकदार कमानीत तो असा उभा राहतो की ती कमान त्याच्या मापाने बेतलेली शवपेटी वाटावी. प्रसंगात हाणामारी शून्य आहे.

किंवा जहाज. 'एम्पुसा' बंदरात शिरतं तेव्हा चौकटीच्या कडेतून सरकत येतं, शिडं फुगलेली, डेकवर माणूस नाही. एक जहाज डावी-उजवीकडे हललं, बाकी काही घडलं नाही. पण त्याआधी जहाजाच्या तळाशी काय झालं ते आपण पाहिलेलं असतं, गावाने नाही.

आणि मला स्वतःला सगळ्यात अस्वस्थ करणारी जागा: एलेन समुद्रकिनारी वाळूत, तिरक्या क्रूसांच्या मधे बसून वाट बघते आहे. नवरा येणार आहे रस्त्याने. समुद्रातून येणार आहे ओरलॉक. मग ती समुद्राकडे तोंड करून नक्की कोणाची वाट बघते? याचं उत्तर मुर्नाऊ देत नाही.

ठोकळासाहेब, 'कॅलिगरी' (१९२०) हा दुसरा जर्मन भयपट शेजारी ठेवून पाहा. तिथे रंगवलेले पडदे, वाकड्या भिंती. सगळं स्वप्नातलं आहे हे पहिल्या मिनिटाला कळतं. इथे उलट. ओरलॉकचं नवं घर म्हणजे जर्मनीतल्या ल्युबेकमधल्या मिठाच्या वखारी, त्या आजही उभ्या आहेत. गाव म्हणजे बरंचसं विस्मार. किल्ला स्लोव्हाकियातला ओराव्हा, डोंगर टाट्राचे. गवत खरं, वारा खरा, घोडी खरी. जे अशक्य आहे ते खऱ्या जागेत घडतं, म्हणून नजर हटत नाही.

ठोकळा:
वखारीचा मुद्दा मान्य. मुखवट्याचा अजून नाही. पण असू दे. आता हे सांगा, डोळ्यादेखत पेटीचं झाकण स्वतः उडून बसतं, तो पाटासारखा ताठ उठतो, सावली जिना चढते. हे १९२१ मध्ये केलं कसं? 'जादू' असं उत्तर नको, कृती हवी.

रिळवाला:
घ्या कृती. आज मोबाइलवरही करून बघता येतात.

झाकण: एकेक चौकट थांबवून घेतलेलं आहे. झाकण थोडं सरकवायचं, एक चौकट, पुन्हा सरकवायचं. हिशेब असा: दोन सेकंदांच्या हालचालीला १८ च्या वेगाने ३६ चौकटी लागतात. झाकणाने ९० सेंटीमीटर जायचं तर प्रत्येक वेळी अडीच सेंटीमीटर. पहिल्या आणि शेवटच्या चार-पाच चौकटींत एकेकच सेंटीमीटर सरकवा, नाहीतर झाकण धक्क्याने सुटतं आणि धक्क्याने थांबतं. बिघडतं कुठे? फोकस आणि उजेड आपोआप बदलणाऱ्या कॅमेऱ्यात चित्र श्वास घेतल्यासारखं लुकलुकतं, म्हणून दोन्ही कुलूपबंद करा. घरातल्या दिव्याखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. बाहेर करत असाल तर ढग हा शत्रू. आणि कॅमेरा तिपाईवर असला तरी बटण बोटाने दाबू नका, टायमर लावा.

ताठ उठणं: माणूस फळीला बांधलेला, टाचांपाशी बिजागरी, डोक्याकडून फळी उचलायची. परिणाम कशात आहे तर कमरेत न वाकण्यात. माणूस झोपेतून उठताना आधी मान, मग पाठ, मग हात. इथे तिन्ही नाही. उचलण्याचा वेग एकसारखा नसेल तर लगेच कोणीतरी ओढतं आहे असं दिसतं.

पारदर्शक भूत (जहाजात आजारी खलाशाला पेटीवर बसलेला दिसतो तो): एकाच फिल्मवर दोनदा चित्रण. आधी रिकामी जागा, मग फिल्म मागे गुंडाळायची, मग काळ्या पार्श्वभूमीवर फक्त नट. नटाच्या वेळी उजेड कमी दिला की मागची भिंत त्याच्यातून दिसते. कॅमेरा केसभर हलला तरी भिंत थरथरते आणि सोंग उघडं पडतं.

पांढरं जंगल: बग्गीच्या प्रवासात मधेच झाडं पांढरी आणि आकाश काळं होतं. तिथे सरळ निगेटिव्हच वापरलेली आहे. काही सेकंदच, म्हणून चालून जातं. अर्धा मिनिट ठेवलं असतं तर प्रेक्षकाने कारण शोधलं असतं.

सावलीचं कंदिलाच्या काचेने लिहावं, तिचा विषय आहे.

कंदिलाची_काच:
लिहिते. जिन्यावर ओरलॉक नाहीच, फक्त सावली आहे. पुढे तिचा हात एलेनच्या छातीवर सरकतो आणि मूठ आवळतो. मुखवट्याची तक्रार करणाऱ्यांनी इथे बघावं, कारण इथे मुखवटाच नाही.

सावलीच्या मापाचं गणित सोपं आहे. दिव्यापासून माणूस १ मीटरवर आणि भिंत ४ मीटरवर असेल तर सावली चौपट. पण मोठी सावली धारदार राहायला दिवा लहान लागतो. कडेचा धूसर पट्टा म्हणजे दिव्याची रुंदी गुणिले माणूस-भिंत अंतर, भागिले दिवा-माणूस अंतर. ५ सेंटीमीटरचा दिवा घेतला तर पट्टा १५ सेंटीमीटर. २० सेंटीमीटरचा मऊ दिवा लावला तर ६० सेंटीमीटर, म्हणजे बोटं दिसणारच नाहीत. मोबाइलच्या टॉर्चने जवळजवळ चाकूसारखी कड मिळते. तेव्हा हे काम कार्बनच्या ठिणगीचे दिवे करत.

हमखास चूक: खोलीतला दुसरा दिवा चालू राहतो आणि दोन सावल्या पडतात. दुसरी चूक म्हणजे पांढरी गुळगुळीत भिंत. ती उजेड उलट फेकते आणि सावली राखाडी होते. मळकट, खडबडीत भिंत घ्या. आणि नखं लांब करायला रबर लागत नाही. तळवा भिंतीला काटकोनात न धरता दिव्याकडे तिरका धरला की बोटं आपोआप लांबतात.

दुसरी_घंटा:
तंत्राच्या बाजूने एक आडवळण. दुहेरी चित्रणासारख्या युक्त्या दादासाहेब फाळके 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये आधीच वापरत होते. करामत एकाच जातीची, पण तिथे चमत्कार दिसला की प्रेक्षक हात जोडत, इथे हात आखडतात.

आता इतिहास, कारण कोणती प्रत घ्यावी याचं उत्तर त्यातच आहे.

निर्मिती संस्थेचं नाव प्राना-फिल्म. हो, आपलाच 'प्राण'. संस्थेचा एक संस्थापक अल्बिन ग्राऊ गूढविद्येच्या नादातला, त्यानेच चित्रपटाची नेपथ्य-वेशभूषा केली. ओरलॉक आणि हुटरचा मालक क्नॉक यांच्यातली चिन्हांनी भरलेली पत्रं नीट बघा, ती त्याची हौस. कथा ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) वरून उचललेली, हक्क न घेता. पटकथाकार हेन्रिक गालेनने नावं बदलली, ड्रॅक्युलाचा ओरलॉक, हार्करचा हुटर, मिनाची एलेन. काळ १८३८, गाव विस्बोर्ग. पहिला खेळ ४ मार्च १९२२ ला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात, मोठ्या थाटात. त्याच वर्षी संस्थेचं दिवाळं वाजलं. प्राणचा हा एकच चित्रपट.

स्टोकरची विधवा फ्लोरेन्स कोर्टात गेली. दिवाळखोराकडून पैसे मिळण्यासारखे नव्हते, तेव्हा १९२५ मध्ये बर्लिनच्या कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. पण प्रती तोवर परदेशांत पांगल्या होत्या. आज जे आहे ते त्या पांगापांगीमुळे. आणि म्हणूनच बाजारात इतक्या तऱ्हा आहेत. अमेरिकेत गेलेल्या प्रतीत नावं पुन्हा ड्रॅक्युला-हार्कर झाली. १९३० मध्ये जर्मनीत कोणीतरी परस्पर काटछाट करून, आवाज चढवून 'बारावा तास' या नावाने तोच चित्रपट पुन्हा काढला.

आज विश्वासाने घ्यावी ती मुर्नाऊ प्रतिष्ठानाची २००५-०६ ची जीर्णोद्धारित आवृत्ती, लुसियानो बेरियातुआ यांच्या देखरेखीखालची. पाया १९२२ ची रंगीत फ्रेंच प्रत. तिच्यात नसलेले शॉट १९३९ च्या एका प्रतीतून, जी मूळ चेक निर्यात प्रतीवरून काढली होती, आणि काही त्या 'बारावा तास' मधून. जर्मन मजकुराची कार्डं बर्लिनच्या संग्रहातल्या १९६२ च्या प्रतीवरून. कालावधी सुमारे ९४ मिनिटं, म्हणजे रिळवाल्यांच्या हिशेबात बसते. तिच्या आधी १९८० च्या दशकात म्युनिकच्या एन्नो पातालास यांनी मोठं काम केलं होतं, तेही विसरू नये.

सांजवात:
हक्कांचं काय? शंभर वर्षांपूर्वीचा आहे म्हणजे मोकळा धरायचा का?

दुसरी_घंटा:
१९२२ चा चित्रपट मोकळा आहे. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. पण प्रतीसोबत येणारं संगीत नव्याने ध्वनिमुद्रित केलेलं असतं आणि त्याचे हक्क चालू असतात. म्हणून जीर्णोद्धारित आवृत्ती सार्वजनिक दाखवताना वितरकाला पत्र घालून परवानगी घ्या. घरी बघायला घेतलेली तबकडी सभागृहात लावणं ही वेगळी गोष्ट झाली.

मुक्काम_पोस्ट_अंधार:
खेळानंतर चर्चा ठेवणार असाल तर एका प्रश्नाची तयारी ठेवा. पूर्वेकडून आलेला, लांब नाकाचा, उंदीर आणि रोगराई घेऊन गावात घर घेणारा परका. ही प्रतिमा त्या काळच्या ज्यूद्वेषी चित्रांच्या फार जवळ जाते, असं अनेक अभ्यासक मांडतात. ते झटकून टाकू नये. त्याच वेळी हेही सांगावं की गालेन स्वतः ज्यू होता, क्नॉक झालेला अलेक्झांडर ग्रानाख ज्यू, प्रोफेसर बुल्वर झालेला जॉन गोट्टोवट ज्यू. ग्रानाखला देश सोडावा लागला. गोट्टोवटला १९४२ मध्ये नाझींनी ठार मारलं. यातून प्रतिमा निर्दोष ठरत नाही, पण प्रश्न वाटतो तितका सरळही राहत नाही.

दुसरा धागा साथीचा. दारांवर खडूने क्रूस काढत जाणारा माणूस, दवंडी, रस्त्यातून ओळीने जाणाऱ्या शवपेट्या. महायुद्ध आणि १९१८ चा फ्लू नुकताच भोगलेल्या प्रेक्षकांना यात काय दिसलं असेल ते वेगळं सांगायला नको. २०२० नंतर आपल्यालाही नको.

ठोकळा:
उन्हाने रक्तपिशाच मरतं, हे जुन्या लोककथांतलंच ना?

दुसरी_घंटा:
नाही. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा हिंडतो, फक्त त्याच्या शक्ती कमी होतात. सूर्यप्रकाशाने नाहीसं होणं या चित्रपटाने रूढ केलं. पुढच्या शंभर वर्षांच्या भयपटांनी ते इतकं उचललं की आता ते पुराणातलं वाटतं.

सांजवात:
पत्रकावर 'वेताळ' लिहावं का? एका जुन्या इंग्रजी अनुवादात तसं आहे म्हणे.

मुक्काम_पोस्ट_अंधार:
नको हो. ते रिचर्ड बर्टनचं, १८७०. त्याने वेताळपंचविशीतल्या वेताळाला रक्त पिणाऱ्या पिशाचाचं नाव देऊन टाकलं. आपला वेताळ प्रेतात शिरतो, गोष्टी सांगतो, कोडी घालतो. कोकणात आणि गोव्यात तर तो ग्रामदेव आहे. ओरलॉकला वेताळ म्हणाल तर भाविक रागावतील आणि ते बरोबरच असेल. 'रक्तपिशाच' पुरे.

पायपेटी:
संगीताबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

मूळ संगीत हान्स एर्डमानचं. संपूर्ण स्वरलेखन हाती नाही, पण त्याने त्यातूनच बांधलेली एक वाद्यवृंद-मालिका छापलेली उरली. तिच्या आधारे बर्न्ड हेलर यांनी पुनर्रचना केली, तीच २००६ च्या आवृत्तीवर आहे. परवानगी मिळाली तर निमूटपणे तीच लावा.

प्रत्यक्ष वाजवायचं असेल तर चित्रपट पाच अंकांत आहे, त्याचा फायदा घ्या. प्रत्येक अंकाला एक पान, त्यावर तीन रकाने: वेळ, पडद्यावरची खूण, काय वाजवायचं. खूण नेहमी दिसणारी ठेवा, 'हुटर पुलावर पाय ठेवतो' अशी. 'तणाव वाढतो' ही खूण नव्हे. पूर्ण ९४ मिनिटं दोन-तीन जणांना वाजवणं जड जातं, म्हणून अंकाच्या सांध्यावर हात बदला.

पेटी आणि तानपुरा चालेल का, असं कोणी विचारणारच. चालतो, पण दोन धोके. तानपुऱ्याने श्रोता निवांत होतो. कान षड्ज-पंचमात स्थिरावला की भीती संपली. पंचमाची तार उतरवून कोमल ऋषभाशी लावा, म्हणजे षड्जाला घासत राहील. दुसरा धोका भैरव-मारव्याचा. ओळखीचा राग कानी पडला की लोक राग ओळखत बसतात आणि पडदा विसरतात. दोन-तीन स्वरांचे तुकडेच ठेवा.

दचकवायला ढोल बडवू नका. ओरलॉक दारात येतो तिथे वाजवणं थांबवा. दीड तास वाजणारं वाद्य थांबलं की साठ माणसांना एकमेकांचा श्वास ऐकू येतो. शांतता किती वेळ? दहा-बारा सेकंद. वीस झाले की कोणीतरी खोकतं.

कंदिलाची_काच:
प्रोजेक्टरचं थोडक्यात. चित्र ४:३ ठेवा, रुंद ताणू नका. १९२० ठिपक्यांच्या रुंदीत १४४० वापरले जातील, दोन्ही बाजूंना २४० ठिपक्यांचे काळे पट्टे राहतील, राहू द्या. भडक रंगांचा मोड बंद, नाहीतर निळी रात्र जांभळी होते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, ती १८ च्या चौकटींमधे खोट्या चौकटी भरते आणि बोटांना शेपट्या फुटतात. उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोयही बंद, कारण दर वेळी रंग बदलला की पडदा धपापतो. सभागृहातले 'बाहेर' चे दिवे पडद्यापासून लांबचे तेवढे चालू, जवळच्यांवर पुठ्ठा.

सांजवात:
खूप खूप आभार. आता मराठी ओळी. जर्मन कार्डांखाली ओळ द्यायची आहे. पहिला खर्डा करताना दोन जागी अडले. ओरलॉक हुटरच्या हातातलं एलेनचं छोटं चित्र बघून म्हणतो, 'आपल्या पत्नीचा गळा सुंदर आहे'. बरोबर वाटतं?

पायपेटी:
अहो, गळा सुंदर म्हणजे बाई गातात छान! सभागृह हसेल. 'मान' करा. 'आपल्या पत्नीची मान फार सुंदर आहे.' 'आपल्या' मात्र ठेवा, सरदार अदबीने बोलतो म्हणूनच ते वाक्य किळसवाणं आहे.

रिळवाला:
तांत्रिक: मजकूर यूटीएफ-८ या संगणकी लिपीपद्धतीत साठवा, आणि प्लेअरवर विसंबू नका. बऱ्याच यंत्रांवर जोडाक्षरं फुटतात, 'क्नॉक' चा पाय मोडतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. ओळी चित्रातच पक्क्या करून घ्या आणि सभागृहातल्याच यंत्रावर पहिली दहा मिनिटं चालवून बघा. पिवळी अक्षरं नकोत, पिवळ्या रंगाच्या प्रसंगांत बुडतात. पांढरी, बारीक काळ्या कडेची. वेळ देताना सेकंदाला दोन ते अडीच शब्द धरा. जहाजाची नोंदवही आणि पिशाचांचं पुस्तक यांत मजकूर दाट आहे, तिथे पूर्ण भाषांतर न देता दोन ओळींत आशय द्या.

सांजवात:
दुसरी जागा पुलाची. 'आणि तो पुलापलीकडे गेला, तेव्हा भुतं त्याला भेटायला आली.' हे वाक्य सगळीकडे वाचलं, पण २००६ च्या प्रतीत सापडत नाही.

दुसरी_घंटा:
सापडणार नाही. ते फ्रेंच प्रतीतलं कार्ड, कवी आंद्रे ब्रेतों आणि त्याच्या अतिवास्तववादी मित्रांनी डोक्यावर घेतलेलं. जर्मन कार्ड वेगळं आहे, कारण मुळात चित्रपट एका बखरकाराच्या तोंडून सांगितला जातो. त्याचा अर्थ साधारण असा: 'हुटरने पूल ओलांडला न ओलांडला तोच, ज्यांच्याविषयी तो मला पुढे वारंवार सांगत असे, त्या भयाण आभासांनी त्याला घेरलं.'

ठोकळा:
फ्रेंच कितीतरी सरस आहे. तेच टाका, कोणाला कळतंय.

दुसरी_घंटा:
पडद्यावर जर्मन आणि खाली भलतंच, हे नको. फ्रेंच ओळ पत्रकावर छापा. आणि 'भेटायला' ऐवजी 'सामोरी' घ्या. 'तो पुलापलीकडे पोचला, तेव्हा भुतं त्याला सामोरी आली.' सामोरं जायचं ते पाहुण्याला किंवा पालखीला. तो तिथे बोलावलेला पाहुणाच आहे, त्याला अजून माहीत नाही एवढंच.

सांजवात:
'सामोरी' पत्रकावर पक्कं. पडद्यावर जर्मनचं भाषांतर, अठरा शब्द होतात. सात सेकंद ठेवते.

रिळवाला:
आठ ठेवा. पण कार्ड संपायच्या आत ओळ काढा. पुढच्या शॉटवर एक अक्षरही चढू देऊ नका.